मोठ्या वयात पाढे पाठ करायचे तर सुरुवात कुठून करावी?

मुलुंडकर:
बे ते दहा पक्के आहेत. त्यापुढचे 13, 17, 19 साफ विसरलेत. सवायकी, दिडकी (सव्वापटीचा, दीडपटीचा पाढा) शाळेत कधी शिकवलीच नाही. वय पंचेचाळीस. लोकलमध्ये सीएसएमटीपर्यंत रोज तासभर मिळतो. आधी काय घ्यावं, किती घ्यावं? मराठीतूनच म्हणायचेत.

कित्ता_गिरव:
अकरा ते वीसच्या शंभर ओळी आहेत या विचाराने दबू नका. 11, 15, 20 सोपे आहेत, बाजूला ठेवा. उरलेल्या सात पाढ्यांतलं एके आणि दाहे सोडा. दुणे म्हणजे दुप्पट, पाचे म्हणजे दहापटीचं निम्मं. राहिले त्रिक, चोक, सक, सत्ते, अठ्ठे, नव्वे. सात सक बेचाळीस, एवढंच खरं पाठांतर. जुन्या लग्नपत्रिकांचे बेचाळीस तुकडे करा, पुढे 17 × 8, मागे 136. रोज सहा नवे घ्या, आधीचे पिसून पुन्हा बघा. मनात तीन अंक मोजेपर्यंत उत्तर आलं नाही तर ते कार्ड उद्याच्या गठ्ठ्यात. फक्त ओळीने पाठ करणाऱ्याला 'सतरा अठ्ठे' विचारलं की तो सतरा एकेपासून धावत येतो. म्हणून पाढा सरळ आला की पाचेपासून सुरू करा, मग दाहेपासून उलटा म्हणा.

दप्तर:
मराठीतून म्हणताना जीभ अडते ती संख्यांच्या नावांवर. 59, 69, 79, 89 आणि 63, 73, 83, 93 ही नावं आधी दोन दिवस घोटा. शंभराच्या पुढे 'एकशे चव्वेचाळीस' म्हटलं की ताल तुटतो. 'सोळा नव्वे चव्वेचाळासे', 'सतरा अठ्ठे छत्तीसासे' असं म्हणा, तोंडात बसतं. 17 सक 102, 13 अठ्ठे 104, 18 सक 108 या तिघांची हमखास गल्लत होते, ती कार्डं एकाच दिवशी नवी घेऊ नका. डब्यात मोठ्यानं म्हणता येत नाही, पण ओठ हलू द्या. नुसतं डोळ्यांनी वाचलेला पाढा टिकत नाही.

मुलुंडकर:
सात सक बेचाळीस वाचून धीर आला! अपूर्णांकांचे पाढे यानंतरच ना?

गिरगावकर:
नाही, दिडकी आजच घ्या. आकडा अधिक त्याचं निम्मं, झाली दिडकी. शून्य लावलं की 15 चा पाढा फुकट. अडीचकीतून 25, औटकीतून 35 तसेच निघतात. औटकी म्हणजे तिप्पट अधिक निम्मं. मंगलदास मार्केटात 240 रुपये मीटरचं पडद्याचं कापड साडेतीन मीटर हवं असेल, तर 24 ची औटकी 84, म्हणजे 840. सवायकीत चवथाई मिळवा: 60 रुपये किलोची भाजी सव्वा किलो, 75. पाऊणकीला लोक पाव काढून तिप्पट करत बसतात. त्यापेक्षा चवथाई वजा करा, 28 मधून 7 गेले, 21.

सवायकी पाठ करताना शेपटाकडे लक्ष द्या. पाचाची सव्वासहा, सहाची साडेसात, साताची पावणेनऊ, आठाची दहा. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण हे चक्र दर चार ओळींनी फिरतं. नवाला सव्वाअकरा आलं नाही, तर चूक आधीच्याच एखाद्या ओळीत आहे.