घरात फायरप्लेस बांधतोय, धूर खोलीत येऊ नये म्हणून काय बघावं?

धूरकरी:
मंडळी सल्ला हवाय. हॉलमध्ये खरी लाकडं जाळायची फायरप्लेस करायचीय. गवंडी म्हणतो तोंड मोठं ठेवू, शोभा येते, 42 इंच रुंद आणि 32 इंच उंच. चिमणीची नळी आतून 8 बाय 12 इंच, बाहेरच्या भिंतीला लागून वर जाणार. एका ओळखीच्यांकडे असंच केलेलं, पेटवली की सगळे डोळे चोळत अंगणात, म्हणून आधीच विचारतोय. काय चुकतंय का?

जुनी_वीट:
चुकतंय, आणि बरं झालं आधी विचारलंस. लोक आधी फायरप्लेसचं चित्र काढतात आणि मग चिमणी कुठेतरी बसवतात, खरं तर उलटं करायला पाहिजे. धूर ओढते ती चिमणी. आतली हवा तापून हलकी होते, वर जाते, तिच्या जागी खोलीतली हवा आत खेचली जाते, एवढाच खेळ आहे. नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण दहावा भाग तरी लागतं. तुझं तोंड 1344 चौरस इंच, म्हणजे नळी 134 च्या आसपास हवी, तुझी आहे 96. धूर येणारच रे! एकतर नळी मोठी कर नाहीतर तोंड 36 बाय 26 कर, 936 होतं, बसतं बरोबर.

उंचीचं पण बघ. छतातून चिमणी जिथे बाहेर पडते तिथून किमान 3 फूट वर, शिवाय 10 फुटांच्या आत छताचा जो भाग येतो त्याच्यापेक्षा 2 फूट उंच. नाहीतर वारा छतावरून घसरून धूर खाली ढकलतो.

काजळी_ताई:
वरच्यांशी सहमत, फक्त बाहेरची भिंत सोडा शक्य असेल तर. तिकडे चिमणी गार पडते, मग पेटवताना आतली थंड हवा बुचासारखी बसून राहते आणि धूर मागे फिरतो. घराच्या मधून नेली तर उबदार राहते. आमची बाहेरच आहे, आता काय करणार, दरवेळी आधी डॅम्पर (नळी उघडायची-बंद करायची झडप) पूर्ण उघडून कागदाचा पेटता बोळा वरच्या बाजूला धरते, ओढ लागली की मगच लाकडं पेटवते. आणि एक गंमत, वर्षभर आम्ही चिमणीला शिव्या घातल्या, शेवटी कळलं की स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असला की तो हवा उलटी खेचतो आणि धूर हॉलमध्ये. घर घट्ट बंद असेल तर बाहेरची हवा आणायला वेगळा छोटा पाइप ठेवाच.

धूरकरी:
ताई फॅनचं डोक्यातच नव्हतं आलं! लाकूडकाम जवळ चालेल का? वर लाकडी फळी लावायचा विचार आहे.

जुनी_वीट:
जरा लांब ठेव. विटांच्या चिमणीलासुद्धा लाकडी वासा चिकटवायचा नाही, 2 इंच तरी मोकळी जागा. ठिणग्या उडतात म्हणून समोर 16 इंच आणि दोन्ही बाजूंना 8 इंच दगड किंवा फरशी, तोंड 6 चौरस फूट किंवा जास्त असेल तर 20 आणि 12. फळीचं अंतर ती भिंतीतून किती पुढे येते त्यावर पण ठरतं, तुमच्याकडचे नियम बघून घे.

काजळी_ताई:
आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तो मस्ट. त्या वायूला वास नाही रंग नाही, धूर दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. लाकूड वाळलेलं, ओलावा 20 टक्क्यांच्या खाली. ओल्याने नळीत डांबरासारखा थर बसतो आणि तो पेटला तर चिमणीच जळते. वर्षातून एकदा आतून साफ करून घ्यायची.

धूरकरी:
गवंड्याशी बोललो. 36 बाय 26 ला तयार झालाय, तोंड वाकडं करूनच. चिमणी आत घेता येते का ते उद्या वर चढून बघतो, तिथे पाण्याची टाकी आहे, ती हलवावी लागेल बहुतेक.