मदत हवी आहे: वडिलांसाठी घरी येणारा फिजिओ, गोवा (तातडीने)

म्हादईकाठ
नमस्कार. वडिलांना स्ट्रोक येऊन गेला. इस्पितळातून घरी आणलंय. घरी येऊन व्यायाम करून घेणारा चांगला फिजिओ हवा आहे. एक येत होता, तो सोडून गेला. पेशंट सहकार्य करत नाही म्हणाला. त्याचंही खोटं नाही. बाबा मुद्दाम करतात असं आता आम्हालाही वाटायला लागलंय. बोलणं खणखणीत, जुनं सगळं आठवतं, कुठल्या साली कुठल्या माडावर वीज पडली ते सांगतील. पण 'हात उचला' म्हटलं की 'उचलला की' म्हणतात आणि हात मांडीवर तसाच पडलेला. आईशी तर बोलतच नाहीत. रागावल्यासारखे.
माझी रजा रविवारी संपते. कुणाकडे नंबर असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. 'धीर धरा' लिहू नका, तो धरून झालाय.

भाटकार_नव्हे
गोवा म्हणजे नेमकं कुठे? पेडण्याचा फिजिओ काणकोणला येणार नाही. वय किती? कधी झालं? डावी बाजू गेली की उजवी? गुठळी होती की रक्तस्राव?

जागरूक_नागरिक
सर्वांनी लक्षात ठेवावे. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, यातले एक जरी दिसले तरी लिंबूपाणी देत बसू नका, ताबडतोब १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. म्हणून लक्षणे किती वाजता सुरू झाली ते घड्याळात पाहून ठेवा.

म्हादईकाठ
@जागरूक_नागरिक सात आठवडे झाले हो. साडेचार तास कधीच उलटून गेले.
@भाटकार_नव्हे वाळपईच्या आत. वय ६८. गुठळी. बाजूशी काय करायचंय? फिजिओ दोन्ही बाजूंना येत असेल ना.

सुलभाताई_म
माझ्या सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. आम्ही घरीच दाराच्या वरच्या कडीला कप्पी लावली, दोरीची दोन टोकं दोन हातांत. चांगल्या हाताने ओढायचं की लुळा हात आपोआप वर जातो. शंभर वेळा सकाळी, शंभर संध्याकाळी. फिजिओबिजिओ काही लागला नाही. खर्च दोनशे रुपये.

निवृत्त_सिस्टर
सुलभाताई, राग मानू नका, पण ही कप्पी कुणी लावू नये. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो, नुसता लोंबत असतो. तो वर ओढला की आतल्या आत चिमटतो आणि खांदा एवढा दुखायला लागतो की पेशंट पुढचे सगळेच व्यायाम बंद करतो. काखेत हात घालून किंवा मनगट धरून उठवू नका. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि त्याला धरा. बसले असतील तेव्हा कोपराखाली उशी.

सुलभाताई_म
सासरे त्यानंतर अकरा वर्षं जगले.

निवृत्त_सिस्टर
खांद्याचं काय झालं?

सुलभाताई_म
खांदा दुखायचा. पण तो वयाने.

रानवाट
आमच्या भागात कबुतराचं रक्त चोळतात. ताजं हवं. वर तेलाची मालीश. माझ्या चुलत्यांना गुण आला.

निवृत्त_सिस्टर
बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. चोळून आलेले पुष्कळ पाहिले. ते रक्त धुवायचं काम आमच्याकडे यायचं. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं थोडंफार आपसूक सुधारतं आणि श्रेय कबुतराला जातं. तेल लावा, हरकत नाही, बरं वाटतं, हातही फिरतो. पण तेल लावलेल्या पायांनी चालवू नका.

पाटोपूल
दीनदयाळ कार्ड आहे का तुमच्याकडे? त्यातून महिन्याचे पैसे मिळतात.

भाटकार_नव्हे
ते दयानंद. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना म्हणजे इस्पितळाच्या खर्चाचं विमाकवच, घरात तीन किंवा कमी माणसं असतील तर वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. दयानंद सामाजिक सुरक्षा म्हणजे ज्येष्ठांचे, विधवांचे, दिव्यांगांचे महिन्याचे पैसे. गोव्यात निम्म्या लोकांचा हा घोळ होतो.

पाटोपूल
दोन्ही 'द' वरूनच ठेवल्यावर काय होणार? आणि बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात), पार्किंग मिळणार कुठे ते पण सांगा. मागच्या आठवड्यात पाऊण तास फिरलो.

म्हादईकाठ
मंडळी, फिजिओ. फि-जि-ओ. कार्ड आहे. पार्किंगचा धागा वेगळा काढा.
आणि हो, डावी बाजू. डावा हात, डावा पाय. कुणीतरी विचारलं म्हणून सांगतो.

अंत्रुजकन्या
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. डॉक्टर नाही, आणि पेशंट न बघता निदान करणार नाही. पण नंबर देण्याआधी चार गोष्टी विचारते.
जेवताना ताटात काही उरतं का? उरतं ते ताटाच्या कुठल्या बाजूला?
दाढी स्वतः करतात का? दोन्ही गाल होतात?
पेपर वाचतात का?
आई कुठल्या बाजूला बसतात?

म्हादईकाठ
मॅडम, मी जेवणाबद्दल विचारलेलंच नाही. भूक बरी आहे. भात अर्धा टाकतात, हुमण (माशाचं कालवण) मात्र संपवतात. दाढी न्हावी करतो. पेपर सोडला, 'हल्ली काय वाट्टेल ते छापतात' म्हणून. आई त्यांच्या खाटेजवळ बसते, भिंतीकडच्या अंगाला, कारण तिकडेच खुर्ची मावते.

अंत्रुजकन्या
खाटेवर पडल्यावर भिंत त्यांच्या डाव्या हाताला येते का?

म्हादईकाठ
हो.

अंत्रुजकन्या
मग आज रात्री एवढं करा. नेहमीसारखं वाढा. 'झालं' म्हणाले की काही न बोलता ताट अर्धं फिरवा. उद्या सकाळी पेपरची मोठी हेडलाइन मोठ्याने वाचायला सांगा आणि काय वाचतात ते जसंच्या तसं लिहून ठेवा. एका कागदावर गोल काढून द्या, त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगा.
आणि पाणी किंवा पेज पिताना ठसका लागतो का?

सुलभाताई_म
आजारी माणसाला पेजेसारखं दुसरं काही नाही. उकड्या तांदळाची, वर लोणच्याचा खार.

निवृत्त_सिस्टर
ठसका लागत असेल तर पातळ पेज सगळ्यात वाईट. वरचं निवळ पाणी श्वासनलिकेत उतरतं, न्यूमोनिया त्यातूनच होतो. ठसका थांबेपर्यंत आटवल करा, मऊ, चमच्यावर राहील अशी. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायला सांगा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. आणि खार कशाला, बीपीचा माणूस आहे तो!

रानवाट
पेज, खार, कबुतर सगळंच बंद. माणूस जगणार कशावर?

म्हादईकाठ
सकाळी लिहिणार होतो, पण आत्ताच लिहितो. झोप येणार नाही.
आज भात, हुमण, कारल्याचं सुकं. 'झालं' म्हणाले. ताटात बरोबर मधोमध रेघ मारल्यासारखा भात उभा. उजवीकडे एक शीत नाही, डावीकडचा भात आणि कारलं जसंच्या तसं. हुमणाची वाटी नेहमी उजवीकडे असते. मी ताट फिरवलं. बाबा ताटाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'कारलं केलंय तर मघाशी का नाही वाढलंस?'
आणि जेवले सगळं.
पातळ पेजेला ठसका लागतो. म्हातारपणामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं.

भाटकार_नव्हे
बाप रे. म्हणजे त्यांना डावीकडचं दिसत नाही?

अंत्रुजकन्या
डोळा बिघडलेला नसतो. डावी बाजू जाते तेव्हा मार मेंदूच्या उजव्या भागाला बसलेला असतो, आणि आजूबाजूला लक्ष फिरवत ठेवण्याचं बरंचसं काम तिथून चालतं. ते बंद पडलं की डावीकडचं जग त्यांच्यासाठी असतच नाही. त्यात त्यांचा स्वतःचा हातही आला. म्हणून 'उचलला की' म्हणतात आणि त्यांना ते खरंच वाटतं. बोलणं बहुतेकांचं डाव्या मेंदूतून चालतं, ते शाबूत राहतं, म्हणून घरच्यांना माणूस ठणठणीत वाटतो आणि हट्टी वाटतो. शब्दच हवा असेल तर 'नेग्लेक्ट' म्हणतात, तो न्यूरॉलॉजिस्टला सांगा. दृष्टीचा अर्धा भाग खरोखर गेलेला असणंही शक्य आहे, तेही तपासून घ्यावं लागेल. कधी कधी दोन्ही असतं.

म्हादईकाठ
हेडलाइन होती: 'सत्तरीत पाणीपुरवठा दोन दिवस बंद'. बाबांनी वाचलं: 'दोन दिवस बंद'. मग चिडून विचारलं, 'काय बंद? लिहायला नको?'
घड्याळात बारापासून सहापर्यंतचे आकडे आले. पुढचे सात, आठ, नऊ त्याच उजव्या बाजूला, एकावर एक दाटीवाटीने. डावा अर्धा गोल कोरा.
तो पेपरवाला उगाच शिव्या खात होता.

सुलभाताई_म
हे असलं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. सासरे पण अर्धीच भाकरी खायचे. आम्ही भूक मेली म्हणायचो.

म्हादईकाठ
आता सांगा, खाट फिरवू का? टीव्ही कुठल्या बाजूला?

पाटोपूल
सगळं उजवीकडे आणा. त्यांना जिकडचं कळतं तिकडेच. आमच्या ओळखीत तसंच केलं होतं, पेशंट शांत झाला.

अंत्रुजकन्या
शांत होईल, पण डावीकडे वळायचं कारणच उरणार नाही. टीव्ही, बोलायला येणारी माणसं, खिडकी डावीकडे येऊ द्या. पहिल्यांदा उजवीकडून नजर धरा आणि हळूहळू डावीकडे न्या. नुसतं 'डावीकडे बघा, डावीकडे बघा' म्हणून उपयोग नाही, तिथे त्यांना खूण लागते. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावा, पेपरच्या डाव्या समासात लाल रेघ मारा. 'लाल पट्टी दिसेपर्यंत नजर न्या, मग सुरुवात करा.' त्यांच्या उजव्या हातानेच त्यांचा डावा हात चोळायला लावा.

निवृत्त_सिस्टर
एक मात्र घालते यात. पाण्याचा तांब्या आणि घंटा उजवीकडेच. रात्री तहान लागली तर व्यायाम नको, पाणी हवं. आणि खाट फिरवल्यावर डावी कड मोकळी राहते, तिकडून पडतील आणि कळणारही नाही. कठडा लावा किंवा खाली गादी टाका. पडलेत का याआधी?

म्हादईकाठ
दोनदा. 'मला काय झालंय' म्हणत उठले. एकदा उंबरठ्याला डावा पाय अडकून. आमचं जुनं घर आहे, उंबरठे वीतभर. न्हाणी मागच्या दाराने, चिऱ्याच्या तीन पायऱ्या, आणि या दिवसांत त्यांच्यावर शेवाळ.

भाटकार_नव्हे
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं!

रानवाट
शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाका, रात्रभर ठेवा, सकाळी झाडूने घासा. यात मी चुकत नाही. उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार करून देतो सुतार. कबुतराचं मागे घेतो.

निवृत्त_सिस्टर
पावसाळाभर न्हाणीच्या वाटेलाच जाऊ नका. खोलीतच कमोडची खुर्ची ठेवा. त्यांना लाज वाटेल, आठ दिवसांनी वाटणार नाही.

अंत्रुजकन्या
@म्हादईकाठ व्यनि केला आहे. पण आधी गोमेकॉत न्यूरॉलॉजी आणि फिजिओथेरपी दोन्हीकडे दाखवा, ताटाचा फोटो आणि ते घड्याळ सोबत न्या. गिळण्याचंही तपासून घ्या. रोज बांबोळी जमणार नाही हे मला कळतं. तिथे कार्यक्रम ठरवून घ्या आणि रोजचं वाळपईच्या सरकारी इस्पितळात जमतं का विचारा. सात आठवडे म्हणजे उशीर झालेला नाही. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, त्यानंतरही ती चालू राहते, फक्त सावकाश. आधीच्या फिजिओलाही कळवा, तो कदाचित परत येईल. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

म्हादईकाठ
त्याला फोन केला. 'डावीकडे उभा राहून सूचना देत होतो मी,' म्हणाला. सोमवारी येतोय.
खाट फिरवली, चौघे लागलो. आता आईची खुर्ची उजवीकडे आली आहे. सध्या तिथेच राहू दे म्हणालो, डावीकडे नंतर सरकवू. बाबा तिला म्हणाले, 'आलीस? किती दिवस कुठे होतीस?' आई काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली.
रजा आठ दिवस वाढवून मागितली आहे. लाल चिकटपट्टी वाळपईत मिळाली नाही, निळी आहे. चालेल का?

अंत्रुजकन्या
तुमची ताटं स्टीलची असतील तर चालेल.

पाटोपूल
पार्किंगचा धागा काढलाय. लिंक देऊ का?