सल्ला हवा: ७०० रुपयांत ०.०१ ग्रॅमचा काटा कुठला घ्यावा?

टिळकवाडीची_आई: लेक बीएस्सीला आहे. प्रॅक्टिकलला अ‍ॅस्पिरिन केलं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड २ ग्रॅम, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड ५ मिली. गाळल्या गाळल्या वजन केलं तर २.९२ ग्रॅम, म्हणजे यील्ड (हिशोबानं जास्तीत जास्त मिळू शकतं त्याच्या किती टक्के मिळालं ते) ११२ टक्के! काटा खोटा म्हणून ती रडकुंडीला आलीय. बजेट ७००च.

शहापूर_सराफ: आमच्या दुकानात मिलिग्रॅमचा आहे, नऊ हजारांना पडला. स्वस्तातलं घेऊ नका ताई.

ऊसवाला_चिकोडी: आमच्यात काटा मारतात, कधी जास्त दाखवलेला बघितला न्हाई. तो काटा कारखान्यात पाठवा की ओ. ११२ टक्के उतारा! आमचा उसातनं साखरेचा अकराला टेकला तरी पेढे वाटतोय.

खानापूर_लॅब: ताई, काटा घेऊ नका, माल ओला आहे. अनहायड्राइड भरपूर जास्त आहे, तेव्हा हिशोब सॅलिसिलिकवरून. २ भागिले १३८.१२ (सॅलिसिलिकचा रेणुभार) गुणिले १८०.१६ (अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार) = २.६१ ग्रॅम. याहून जास्त अ‍ॅस्पिरिन होऊच शकत नाही, वरचं बहुतेक पाणी. टिपकागदात दाबून रात्रभर वाळवा, मग तोला.

ऊसवाला_चिकोडी: म्हंजे आमचा उताराच की.

खानापूर_लॅब: न्हवं मामा. उतारा उसाच्या वजनावर काढतात. इथं जास्तीत जास्त जेवढं मिळू शकतं, त्यानं भागायचं. उसात साखरच १३ टक्के असली आणि ११ हाती आली, तर या हिशोबानं ८५ च्या आसपास.

ऊसवाला_चिकोडी: मग उरलेली दोन कुठं जाते? मळीत म्हणतात. मला शंका हाय.

निपाणीकर: ओलं असेल, वाळवून बघा.

शहापूर_सराफ: ते वर सांगून झालंय.

निपाणीकर: मी आधीपासून टाईप करत होतो. बरं, वाळल्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून बघा. जांभळं झालं तर सॅलिसिलिक शिल्लक आहे. मग नुसत्या वजनावर भुलू नका.

गोवा_फार्मा: आम्ही क्विंटलनं काढतो. दोन ग्रॅमला काय धागा काढायचा!

टिळकवाडीची_आई: कॉलेजच्याच काट्यावर आज २.१० आलं, ८०.५ टक्के. थेंब टाकल्यावर फिकट जांभळं झालं, म्हणून आता परत शुद्ध करणार म्हणते. काटा मात्र घेतलाच. खडेबाजारात ४५० ला, ०.१ ग्रॅमचा.

खानापूर_लॅब: अहो, २ ग्रॅमला ०.१ म्हणजे पाच टक्के तिथंच गेले!

टिळकवाडीची_आई: माहीत आहे. केकसाठी मलाच हवा होता.