निळूभाऊंची आठवण वाड्यावरच का अडते?

तंबूतला प्रेक्षक
नट निळू फुले यांच्या स्मृतिदिनी, १३ जुलैला, या चर्चामंचावरील एका सदस्याने आदरांजली म्हणून एक चित्र टाकले. तिरकी टोपी, किलकिले डोळे आणि खाली त्यांच्या पडद्यावरच्या लंपट पाटलाच्या तोंडी घातले जाणारे ‘बाई, वाड्यावर या’. त्यावर दिवसभर हशा चालला. मला हसू आले नाही, म्हणून एवढे लांबलचक लिहितो आहे.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्यात माळीकाम केलेला हा माणूस १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा म्हणून पडद्यावर आला आणि पुढे चार दशके काम करत राहिला. त्याची आठवण तीन शब्दांत काढायची, आणि तेही असे शब्द की ते कोणत्या चित्रपटात, कोणत्या प्रसंगात येतात हे हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येत नाही, ही कसली आदरांजली? त्यापेक्षा ‘सामना’तला हिंदूराव धोंडे पाटील पाहा. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर मारुती कांबळेचे काय झाले असे पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा हिंदूरावाच्या ओठांवरचे यजमानाचे हसू तसेच राहते. विझतात ते फक्त डोळे. आवाज चढत नाही, उलट आणखी खाली येतो. त्या खालच्या आवाजाची भीती मला आजही वाटते.

मोकळा गडी
ते चित्र मीच टाकले होते, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. आपण ज्याला हशा म्हणता, त्याला आम्ही प्रेम म्हणतो. माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या ते चित्र पाहून ‘हे कोण?’ असे विचारत आला आणि त्याच रात्री आम्ही दोघांनी ‘सामना’ पाहिला. आपल्या लांबलचक लेखाने असा एक तरी प्रेक्षक मिळवून दिला असेल तर कळवावे. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, हे मलाही ठाऊक आहे. पण पुतण्याला बर्लिन सांगून बसवता येत नाही.

गावगाडा
दोघांचेही चालू द्या, पण ज्यांचे आडनावच पाटील आहे त्यांनी काय करायचे, हे कोणी विचारत नाही. मी शिकायला पुण्यात आलो तेव्हा वसतिगृहात तीन वर्षे माझे नाव ‘वाडा’ होते. आमचा वाडा म्हणजे दोन खणांचे माळवदाचे घर. पावसाळ्यात आई ठिबकणाऱ्या जागा हेरून खाली परात, घमेले, पातेले मांडत असे. आजोबांची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली आणि उरले ते शेतसाऱ्याच्या जुन्या कागदांचे एक गाठोडे. मराठी चित्रपटाचा पाटील मात्र त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षे गावातल्या पोरीबाळी उचलत राहिला. निळूभाऊ थोर नट होते, मान्य. पण त्यांच्या थोरपणाचा भुर्दंड आम्ही भरला.

तंबूतला प्रेक्षक
गावगाडा, आपण माझाच मुद्दा मांडलात आणि रागावलातही माझ्यावरच. हिंदूरावाच्या आडनावात पाटील असले तरी त्याची सत्ता वतनाची नाही, ती सहकारी साखर कारखान्याची आहे. पाटीलकी गेल्यावर गावातली सत्ता कुठे सरकली, हे तेंडुलकरांनी लिहिले, जब्बार पटेलांनी दाखवले आणि निळूभाऊंनी अंगात भिनवले. ‘वाडा, वाडा’ म्हणून हसणारे नेमके तेच पुसून टाकतात.

गावगाडा
म्हणजे आता कारखानदारांना झोडायचे! माझ्या थोरल्या भावाचा ऊस दोन हंगाम वेळेवर तुटला, म्हणून भाचीचे लग्न झाले. शहरात बसून सहकारावर टिप्पणी करणाऱ्यांनी एकदा फेब्रुवारीत तोडणीची पाळी येण्याची वाट पाहावी आणि वाळत चाललेल्या उसाकडे बघत रात्र काढावी.

मोकळा गडी
श्रद्धांजलीचे चर्चासत्र ऊसतोडीवर आले. निळूभाऊ असते तर पोट धरून हसले असते.

कोयनाकाठ
ऊस जरा बाजूला ठेवा, मला एक सांगायचे आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे साहेब फाइल मागवताना नेमके हेच वाक्य, नेमक्या त्याच घोगऱ्या आवाजात म्हणत आणि खोलीतले सगळे हसत. मीही पहिले काही महिने हसले, कारण न हसणारी बाई तिथे ‘अवघड’ ठरत असे. माझ्या आईने निळू फुले जत्रेतल्या तंबूत पाहिले होते. ते पडद्यावर आले की बायका बोटे मोडत, ‘मुडदा बशिवला’ म्हणत. आईला त्या माणसाची किळस आली आणि ती यावी म्हणूनच त्यांनी ते काम केले होते. मोकळा गडी, आपल्या चित्राने ती किळस काढून घेतली आणि मागे उरला तो साहेबांच्या सोयीचा लाडिक विनोद. नटाने विष दाखवले होते, आपण त्याचे सरबत केले.

मोकळा गडी
आपल्या साहेबांच्या वागण्याचा जाब मी द्यायचा, हे मला पटत नाही. विनोद करण्याआधी आता समितीची मंजुरी घ्यावी काय?

कोयनाकाठ
जाब मागितलेला नाही. हसताना कोणाच्या बाजूने हसतो आहोत, एवढे पाहावे म्हटले. समितीचा शोध आपला आहे.

जुना पिटातला
आपण सगळे पडद्यावरच अडकलात. माझ्या वडिलांनी १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर पाहिले होते. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणणारा आणि त्यांच्यावरच हुकूम गाजवणारा तो सखाराम निळूभाऊंनी असा उभा केला की वडील घरी येऊन बराच वेळ आईशी बोललेच नाहीत. तिने विचारले तेव्हा म्हणाले, ‘तो माणूस वाईट आहे, पण खोटा नाही.’ आमच्या घरी यापेक्षा मोठी आदरांजली कोणाला मिळालेली नाही. आणि ‘सिंहासन’ हा चित्रपट विसरू नका. खलनायकीचा शिक्का बसलेल्या नटाने दिगू टिपणीस हा पत्रकार केला. सगळे राजकारण डोळ्यांदेखत पाहणारा आणि काहीच करू न शकणारा तो माणूस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यावर कोणी चित्र काढत नाही.

गावगाडा
‘सिंहासन’ मी तीनदा पाहिला आहे. त्या कामाबद्दल तक्रार नाही, एवढे लिहून देतो. उसाबद्दलचे शब्द मागे घेत नाही.

मोकळा गडी
आपण सर्व विद्वानांच्या संयुक्त दबावाखाली चित्र बदलले आहे. आता त्यात दिगू हसतो आहे आणि खाली एकही शब्द नाही. कोयनाकाठ, आपला मुद्दा पुतण्याला वाचून दाखवला. तो आपल्या बाजूचा निघाला. आता तरी जेवायला उठू का?

गावगाडा
उठा. टिपणीस आडनावाच्या कोणाची हरकत आली, तर मात्र मला कळवा.