मदत हवी आहे: प्रूनिंग (नको ते पर्याय छाटणं) सुसाट चालतंय पण उत्तर चुकतंय

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं आउट झालंय म्हणून इथे टाकतोय. मावशीचा डब्यांचा धंदा आहे, घर धरून १९ ठिकाणं, पोरगा स्कूटरवर सगळीकडे डबे देऊन परत घरी येतो. मी शहाणपणा करून म्हटलं सगळ्यात छोटा रूट मी काढून देतो. म्हणजे ट्रॅव्हलिंग सेल्समन नावाचं प्रसिद्ध कोडंच. सगळे क्रम तपासायचे तर १८ फॅक्टोरियल (१८ × १७ × ... × १) भागिले २ (उलटसुलट फेरी एकच), साधारण ३२ वर १४ शून्यं, मग डबे नातवंडांनाच मिळणार.

म्हणून ब्रांच अँड बाउंड लिहिलं. आधी नियरेस्ट नेबरने (दरवेळी सगळ्यात जवळच्या ठिकाणी जायचं) एक रूट काढतो, तो आत्तापुरता बेस्ट. मग एकेक ठिकाण जोडत जायचं, आणि झालेलं अंतर अधिक उरलेल्याचा लोअर बाउंड (कमीत कमी एवढं तरी लागणारच असा आकडा) बेस्टच्या वर गेला की ती फांदी, म्हणजे तो अर्धवट क्रम, छाटायची.

पहिला बाउंड साधा होता, उरलेल्या प्रत्येक ठिकाणाचा सगळ्यात छोटा रस्ता घेऊन बेरीज. रात्रभर चाललं, सकाळी फक्त लॅपटॉप तापलेला. मग विचार केला की प्रत्येक ठिकाणी यायचं पण आहे आणि निघायचं पण आहे, तर दोन छोटे रस्ते घेऊ. झटक्यात संपलं! पण १० ठिकाणांवर सगळे १,८१,४४० क्रम फिरवून पाहिले तर ३१.२ किमी येतं आणि माझा कोड म्हणतो ३५.६. कडक बाउंड जास्त छाटणार हे कळतं, पण खरं उत्तरच कसं काय छाटलं जातंय??

प्रतिसाद: ते ३५.६ नियरेस्ट नेबरचंच उत्तर नाहीये ना? किती नोड (अर्धवट क्रम) उघडले ते मोज.

धागाकर्ता: अरे हो, तेच आहे!! आणि नोड फक्त १ 😭

प्रतिसाद: मग मुळातच झाड तोडलंस, म्हणजे पहिल्याच पायरीला सगळं छाटलंस. बेरजेला २ ने भागलं नाहीस. अ ते ब हा रस्ता अ च्या खात्यात पण धरला जातो आणि ब च्या पण. बाजू १० असलेला चौरस घे, कोपऱ्यागणिक १०+१०, चार कोपऱ्यांचे ८०, आणि खरी फेरी ४० ची. लोअर बाउंड खऱ्या उत्तराच्या वर गेला की तो लोअर राहत नाही, मग काहीही छाटलं जातं. अजून एक, अर्ध्यात असताना घर आणि सध्याचं ठिकाण या दोन टोकांचा एकेकच रस्ता धर, बाकीच्यांचे दोन, आणि मग सगळ्याचं निम्मं. अंतरं पूर्ण मीटरमध्ये असतील तर शेवटी एकदाच वर राउंड कर, फुकटात थोडं जास्त छाटलं जातं. प्रत्येक ठिकाणाला वेगळं राउंड केलंस तर परत हाच घोळ.

दुसरा प्रतिसाद: १९ साठी एवढी मारामारी कशाला? १९६२ चा हेल्ड-कार्पचा डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, छोट्या तुकड्यांची उत्तरं साठवून परत वापरायची) लिही. १८ चा वर्ग गुणिले २ चा १८ वा घात, साधारण साडेआठ कोटी स्टेप, सेकंदा-दोन सेकंदांचं काम. छाटायची हौसच असेल तर वन-ट्री बाउंड (ठिकाणं जोडणाऱ्या सगळ्यात छोट्या जाळ्यावरून काढलेला) बघ, हेल्ड आणि कार्प याच दोघांचा, १९७० चा.

धागाकर्ता: २ ने भागल्यावर ३१.२ आलं 🙏 पण मावशी आत्ता म्हणतेय दोन रस्ते वन वे आहेत.

प्रतिसाद: मग दोन छोटे रस्ते नाही चालणार, येणारा एक छोटा आणि जाणारा एक छोटा असं घे. निम्मं करायचंच. डीपीला काही फरक पडत नाही.