केजन गाणी वाजताहेत, पण केजन फ्रेंच घरातून गेली. मग टिकलं ते काय?

पाणथळ

अमेरिकेतल्या लुईझियानाचे केजन लोक आज सगळ्यांना ठाऊक आहेत ते गम्बो (तिथला दाट रस्सा), क्रॉफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) आणि अकॉर्डियनमुळे. त्यांची फ्रेंच बोली मात्र आजीआजोबांबरोबर संपत चालली आहे. माझं मत स्पष्ट आहे: बोली गेली की संस्कृती टिकली म्हणण्यात अर्थ नाही. उरतं ते पर्यटकांसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे मूळचे अकादीचे, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरातले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना घरादारातून हुसकलं, जहाजांत कोंबलं, कुटुंबांची ताटातूट केली. त्यातले काही १७६५ च्या सुमारास लुईझियानाच्या दलदलीत येऊन वसले. १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे सोळाशे जण आले. त्यानंतर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते आपली फ्रेंच निर्धास्त बोलत राहिले.

मग १९२१ मध्ये लुईझियाना राज्याची नवी घटना आली आणि सरकारी शाळेत फक्त इंग्रजी. घरी इंग्रजीचा एक शब्द न ऐकलेलं सहा वर्षांचं मूल वर्गात बसायचं. लघवीला जायचंय हे इंग्रजीत सांगता येत नाही आणि फ्रेंचमध्ये सांगायची चोरी, म्हणून कित्येकांची चड्डी बाकावरच ओली झाली. मैदानात फ्रेंच बोलताना पकडलं तर 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' हे शेकडो वेळा लिहायचं. अशा आठवणी एका गावच्या नाहीत, त्या अख्ख्या पिढीनं सांगितल्या आहेत. त्या मुलांनी मोठं झाल्यावर ठरवलं की आपल्या पोरांवर ही पाळी नको. त्यातच तेलाच्या धंद्यात चांगला पगार होता, पण तिथेही इंग्रजी लागायची. नवराबायको एकमेकांशी फ्रेंच बोलत राहिले आणि मुलांशी इंग्रजी. बोली तुटली ती इथे.

१९९० च्या जनगणनेत घरी फ्रेंच बोलणारे राज्यात अडीच लाखांच्या आसपास होते. पुढच्या दहा वर्षांत ते दोन लाखांच्या खाली आले. हा वेग बघून महोत्सवांच्या जाहिराती मला बघवत नाहीत.

सांजवेळ

असहमत, आणि 'पर्यटकांसाठी' हा शब्द तर मला लागला.

मी ह्यूस्टनला राहते. इथून पूर्वेला गाडी काढली की अर्ध्या दिवसाच्या आत युनिस गाव येतं. तिथे मार्क साव्वा यांचं अकॉर्डियनचं दुकान आहे. शनिवारी सकाळी जो येईल तो वाद्य घेऊन बसतो. फिडल कितीही चालतात, पण अकॉर्डियन एका वेळी एकच, नाहीतर कलकलाट होतो. कुणीतरी तांदूळ आणि डुकराचं मांस भरलेला गरमागरम बुदँ, म्हणजे तिथला सॉसेज, आणलेला असतो, तो कागदावर ठेवून वाटला जातो. सत्तरीतला माणूस फिडल धरतो आणि शेजारी बारा-चौदा वर्षांचा मुलगा लोखंडी ट्रँगल वाजवत त्याच्या हाताकडे बघत असतो. तिकीट नाही, मंच नाही. हे पर्यटकांसाठी चाललंय असं तिथे बसून कुणी म्हणणार नाही.

केजन फिडलवादक ड्यूई बाल्फा १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवायला गेले, तेव्हा आपल्याच गावाकडे या संगीताला किंमत नव्हती. तिथली टाळ्यांची दाद ऐकून ते परतले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी हे संगीत पोरांपर्यंत पोचवण्यात घालवलं. १९७४ मध्ये लुईझियानातल्या लाफायेट शहरात केजन संगीताची पहिली मोठी मैफल झाली, भर पावसात, तरी सभागृह भरून गेलं. म्हणजे बोली उतरणीला लागली होती त्याच काळात लोकांचा स्वाभिमान वर येत होता. १९८० मध्ये तर संघराज्याच्या न्यायालयानं केजन हा कायद्यानं संरक्षण मिळणारा वांशिक गट आहे असा निकाल दिला.

पाणथळ

@सांजवेळ, त्या मैफलीतल्या गाण्यांचे शब्द फ्रेंच आहेत ना? ट्रँगल वाजवणाऱ्या मुलाला ते समजतात का? पाठ करून गाता येतं, पण पाठ केलेल्या भाषेत नवं गाणं रचता येत नाही, भांडता येत नाही, आजारी आजीची विचारपूस करता येत नाही. संगीत टिकलं याचा मलाही आनंद आहे. पण ही दुधाची तहान ताकावर भागवणं झालं.

शनिवारच्या_बाई

मी परदेशात मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून शाळेबद्दलच बोलते.

१९६८ मध्ये राज्यानं फ्रेंचच्या विकासासाठी 'कोडोफिल' ही संस्था काढली. त्यामागे लाफायेटचे वकील आणि माजी खासदार जेम्स डोमेंजो होते. शिक्षक आणले फ्रान्स, बेल्जियम आणि क्वेबेकमधून. हेतू चांगला होता, पण मुलं शाळेत जी फ्रेंच शिकली ती घरच्या फ्रेंचपेक्षा वेगळी. मूल घरी येऊन आजीला सांगू लागलं की तू चुकीचं बोलतेस. लहानपणी इंग्रजीसाठी मार खाल्लेल्या बाईला म्हातारपणी फ्रेंचसाठीही कमीपणा आला! माझ्या वर्गात मालवणी घरातली मुलं येतात. प्रमाण मराठी शिकल्यावर त्यांना आजीच्या बोलण्याचं हसू येऊ लागतं तेव्हा मी वर्ग थांबवते आणि त्यांनाच आजीकडून गोष्ट ऐकून यायला सांगते.

म्हणून मला टेरेबोन पॅरिशमधली प्वांत-ओ-शिएंची शाळा महत्त्वाची वाटते. (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा.) गावची जुनी शाळा २०२१ मध्ये बंद केली. लोक लढले. २०२३ मध्ये त्या परिसरात फ्रेंच माध्यमाची शाळा सुरू झाली आणि तिचा रोख स्थानिक फ्रेंचवर आहे. हे पन्नास वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं.

खाडीकाठ

एक दुरुस्ती. प्वांत-ओ-शिएं हे मुख्यतः मूळनिवासी लोकांचं गाव, केजन नव्हे. दक्षिण टोकाला फ्रेंच सर्वांत चिवटपणे धरून ठेवली ती हूमा आणि अशा इतर मूळनिवासी समाजांनी. शिवाय काळ्या क्रिओल लोकांची फ्रेंच आहे, आणि त्याहून वेगळी अशी लुईझियाना क्रिओल भाषाही आहे. सगळ्यावर 'केजन' हा शिक्का मारला की हे लोक पुसले जातात. धाग्याच्या शीर्षकातही तेच झालंय.

आणि शाळा उभी करायला जमीन लागते. मिसिसिपीला बांध घातले, त्यामुळे गाळ दलदलीत पसरेना. तेल कंपन्यांनी कालवे खणले, त्यातून खारं पाणी आत शिरलं. १९३० च्या दशकापासून लुईझियानाचा पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास किनारा पाण्यात गेला. आइल द जाँ शार्ल या बेटाची तर सुमारे ९८ टक्के जमीन गेली आणि २०२२ मध्ये तिथली कुटुंबं उत्तरेला नव्या वसाहतीत हलली. २०२१ च्या आयडा वादळानं टेरेबोन आणि लाफूर्श या पॅरिशमधली घरं उद्ध्वस्त केली ती वेगळीच. फ्रेंच बोलणारे शेजारी चार शहरांत पांगले की कुठली संस्था काय करणार? तुम्ही दोघं भाषा की संगीत यावर भांडताय. मला आधी बांध आणि घरांचा विमा दिसतो.

दर्यावर्दी

नोकरीनिमित्त मॉरिशसला काही वर्षं काढली. तिथले मराठी लोक घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा, बोलतात. गणपती मात्र दणक्यात बसतो, आरत्या म्हणतात, मुलं शाळेत मराठी विषय घेतात. ते मराठी नाहीत असं त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. पाणथळ यांचा निकष लावला तर ते सगळे बाद होतात.

पाणथळ

@दर्यावर्दी, माणसांना बाद करायचं नाहीये मला. केजन माणूस इंग्रजी बोलूनही केजनच राहील, हे मान्य आहे. पण त्याची बोली मेली तर तो तोटा आहे आणि गम्बोच्या स्पर्धा भरवून तो भरून निघत नाही, एवढंच म्हणतोय. २०१८ मध्ये लुईझियाना फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेत निरीक्षक झाली, याचे समारंभ झाले. स्वयंपाकघरात कोण कुणाशी फ्रेंच बोलतंय, ते सांगा.

@खाडीकाठ, जमिनीचा मुद्दा खरा आहे. पण बोली तुटली ती जमीन बुडण्याच्या आधी, लाफायेटसारख्या कोरड्या ठिकाणीसुद्धा.

सांजवेळ

स्वयंपाकघराचंच सांगते. लुईझियानातली तरुण मुलं उन्हाळ्यात नोव्हा स्कोशियाच्या सेंट-ॲन विद्यापीठात जातात. म्हणजे जिथून पूर्वजांना हाकललं त्याच मुलखात. पाच आठवडे इंग्रजी पूर्ण बंद असते. परत आल्यावर ती म्हाताऱ्यांकडे जाऊन बसतात आणि शाळेची फ्रेंच घासूनपुसून घरची करून घेतात. त्यातले काही संगीतकार झाले, फ्रेंचमध्ये नवी गाणी रचतात. पाठ केलेली नव्हेत. आणि काही आता आईबाप झालेत. ते आपल्या बाळांशी फ्रेंच बोलतात. संख्या थोडी आहे, मान्य. पण त्यांच्या स्वतःच्या आईबापांनी हे केलं नव्हतं.