तीस वरीस व्हयनात का वं?

मराठी आकडे बायकांच्या बाजूचे नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. म्हणजे तीस पूर्ण व्हायला अवकाश असतानाच आपली भाषा तिसाचे नाव घेऊ लागते. मग आमच्या धुळ्याच्या गल्लीतल्या मावशींना तरी दोष का द्यावा? ऐन भाजीच्या गाडीपाशी, थकलेल्या उधारीची आठवण करून द्यावी तशा सुरात त्यांनी मला विचारले, "तीस वरीस व्हयनात का वं तुले?" मी म्हणाले, "व्याज धरून." त्या दिवशी कोथिंबीर फुकट मिळाली. खानदेशातल्या ज्या बायकांनी तिशी हसून ओलांडली आहे, किंवा ओलांडण्याच्या बेतात आहेत, त्यांनी आपापली हकिगत लिहावी, असे हे निमंत्रण आहे. उपदेश मात्र नको. तो घरोघरी पुरेसा आहे. आलेल्या काही हकिगती पुढे देते आहे.

चोपडा, शिक्षिका

माझा वाढदिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे येतो. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात आणि गल्लीतल्या सगळ्या जणी एकमेकींना "कधी आलीस, कधी जाणार" असे विचारतात. माझे लग्न झालेले नसल्याने दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसते. तिसाव्या वर्षी एका आत्याबाईंनी तो प्रश्न चारचौघींत विचारलाच. मी सांगितले, "तुमची आखाजी दोन दिवसांची, माझी बारा महिन्यांची, माझ्याइतकी लाडकी माहेरवाशीण गावात दुसरी नाही." क्षणभर कोणी बोलले नाही. मग सासरहून आलेल्या एका मैत्रिणीने झोक्यावरूनच ओरडून विचारले, की तिच्या सासूबाई परवानगी देत असतील तर तिलाही या योजनेत नाव घालता येईल का. आत्याबाई हसल्या. त्यांनी झोका मागितला आणि आमच्या दोघींपेक्षा उंच नेला. त्यांचे वय मात्र कोणी विचारले नाही. आमच्यात तेवढी सभ्यता आहे.

धुळे, स्पर्धा परीक्षेची उमेदवार

राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. म्हणजे सरकारच्या लेखी मी अजून बरीच वर्षे तरुण आहे. आमच्या घरमालकीणबाईंच्या लेखी ती मर्यादा २५ ला संपली. राज्यघटना तर याहून उदार आहे. राज्यसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांसाठी किमान वय ३० लागते. वाढदिवसाच्या सकाळी काकांचा फोन आला आणि "आता पुढे काय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी आजपासून राज्यसभेला पात्र झाल्याचे त्यांना कळवले. काका गंभीर माणूस आहेत. तिकीट कोणत्या पक्षाचे, एवढेच त्यांनी विचारले.

जळगाव, नोकरदार

मी आणि आमचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ एकाच महिन्यातले, ऑगस्ट १९९० चे. २०१८ मध्ये त्याच्या नावाला बहिणाबाई चौधरी यांचे नाव जोडले गेले, आणि त्याच वर्षी माझे लग्न झाले. मी माझे नाव बदलले नाही. विद्यापीठाचे सर्वांनी अभिनंदन केले, मला मात्र प्रत्येक लग्नघरात खुलासा द्यावा लागला. आम्हा दोघांची तिशी २०२० च्या टाळेबंदीत आली. केक मिळाला नाही, पाहुणे येऊ शकले नाहीत आणि "गोड बातमी कधी?" हा प्रश्न प्रत्यक्ष भेटीअभावी निम्म्याने घटला, ही त्या भयंकर वर्षाची माझ्यापुरती एकमेव सवलत.

रावेर, गृहिणी आणि शेतकरी

आमच्याकडे केळीचा घड लांबच्या बाजारासाठी साधारण पाऊण भरला की कापतात. पिकतो तो नंतर. सासरे म्हणाले, "सूनबाई, तीस म्हणजे तू आता भरलीस, पिकायला वेळ आहे." इतकी चांगली शुभेच्छा मला शहरातल्या कोणी दिलेली नाही. डिसेंबर होता, म्हणून केकऐवजी शेतात भरीत-पुरी झाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायच्या आधी जाऊबाईंनी एका वांग्याच्या देठाशेजारी मेणबत्ती खोचली आणि मला फुंकर मारायला लावली. नंतर तेही वांगे भरतातच गेले.

शहादा

मी दोनदा तीस झाले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून लिहिली, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती. आईला तारीख आठवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी झाले आणि पाऊस थांबत नव्हता, एवढेच ती सांगते. त्यामुळे जूनमध्ये कागदोपत्री तीस झाल्यावर मी दोन-तीन महिने विचारणाऱ्याचे तोंड पाहून एकोणतीस किंवा तीस सांगत असे. पुढे पोळा आला. तो तिथीने येतो, दरवर्षी वेगळ्या तारखेला, तेव्हा नेमके कोणत्या दिवशी तीस झाले हे आईला विचारले. ती बैलाच्या शिंगांना रंग देत होती. "त्याले इचार," असे म्हणून तिने बैलाकडे बोट दाखवले.